दंड, हंगाम आणि कामगार : खानदेशातील जिनिंग-प्रेसिंग कारखान्यांच्या संदर्भात सुरक्षाविषयक कायद्यांतील शिक्षांचा ऐतिहासिक अभ्यास (१८८१ ते २०२५)

प्रस्तावना

भारतातील कारखाना कायद्यांचा इतिहास लिहिला जातो तो प्रामुख्याने मुंबईच्या कापड गिरण्यांच्या संदर्भात. गिरण्यांची संख्या, तेथील कामगारांची संघटित शक्ती, वृत्तपत्रांचे सान्निध्य आणि सरकारी आयोगांच्या बैठका या सर्वांचे केंद्र मुंबई असल्याने हे स्वाभाविकच म्हणावे लागेल. तथापि ज्या कापसावर या गिरण्या चालत होत्या, त्या कापसातून सरकी काढण्याचे व रुईच्या गाठी बांधण्याचे काम खानदेश, वऱ्हाड आणि गुजरात येथील लहान गावांतील कारखान्यांत होत असे. वर्षातील काही महिनेच चालणाऱ्या या कारखान्यांत कामगारांच्या सुरक्षेचा व आरोग्याचा प्रश्न गिरण्यांइतकाच, किंबहुना काही बाबतींत त्याहून अधिक तीव्र होता. असे असूनही कायद्याने या कारखान्यांची दखल उशिरा घेतली.

सुरक्षेचे नियम मोडणाऱ्या कारखानदारास शिक्षा काय, हा प्रश्न कायद्याच्या पुस्तकात सहसा शेवटच्या प्रकरणांत येतो. कारखानदाराने काय करावे हे आधीची प्रकरणे सांगतात. ते न केल्यास राज्यसंस्था त्याची किती गांभीर्याने दखल घेणार, हे शिक्षेच्या प्रकरणावरून कळते. प्रस्तुत शोधनिबंधात १८८१ च्या पहिल्या कारखाना कायद्यापासून २०२५ मध्ये अंमलात आलेल्या नव्या संहितेपर्यंत शिक्षांच्या तरतुदी कशा बदलत गेल्या, याचा आढावा चोपडा व एकूणच खानदेशातील जिनिंग-प्रेसिंग उद्योग समोर ठेवून घेतला आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे

१) कारखाना कायद्यांतील दंड व कारावास यांच्या मर्यादेत झालेले बदल कालक्रमाने मांडणे.
२) हंगामी कारखान्यांना कायद्यातून मिळालेल्या सवलतींचा शिक्षेच्या परिणामकारकतेशी असलेला संबंध तपासणे.
३) दंडाची रक्कम व जखमी कामगारास मिळणारी भरपाई यांतील अंतर स्पष्ट करणे.

चोपडा परिसर आणि कापसाचा व्यवसाय

उत्तरेस सातपुडा व दक्षिणेस तापी यांच्यामध्ये वसलेला चोपडा तालुका काळ्या कसदार जमिनीचा आहे. ब्रिटिश काळात तो अखंड खानदेश जिल्ह्यात होता. १९०६ मध्ये जिल्ह्याचे विभाजन झाल्यावर त्याचा समावेश पूर्व खानदेशात, म्हणजेच आजच्या जळगाव जिल्ह्यात झाला. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१–६५) इंग्लंडच्या गिरण्यांना तेथून होणारा कापसाचा पुरवठा तुटला आणि हिंदुस्थानातील कापसाला मोठी मागणी आली. याच दशकात ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे खानदेशातून पुढे गेली. त्यानंतर काही दशकांनी सुरत–अमळनेर हा तापी खोऱ्याचा मार्ग सुरू झाला. हे दोन्ही मार्ग तापीच्या दक्षिणेकडील असल्याने चोपडा रुळांपासून दूरच राहिले. तरीही कापसाच्या व्यापारामुळे जळगाव, अमळनेर, धरणगाव यांप्रमाणे चोपडा येथेही जिनिंग-प्रेसिंगचा व्यवसाय रुजला.

या कारखान्यातील कामाचे स्वरूप लक्षात घेतल्याशिवाय कायद्यातील तरतुदींचा अर्थ उमगत नाही. जिनमध्ये कपाशीतून सरकी वेगळी केली जाते व मिळालेली रुई प्रेसमध्ये दाबून तिच्या गाठी बांधल्या जातात. जिनची यंत्रे ओळीने मांडलेली असत आणि एका लांब शाफ्टवरून पट्ट्यांच्या साहाय्याने ती फिरवली जात. प्रारंभी वाफेवर, पुढे तेलावर व नंतर विजेवर हा शाफ्ट चालू लागला. यंत्रात हाताने कापूस टाकण्याचे काम बहुधा स्त्रियांकडे असे. फिरत्या शाफ्टमध्ये वा पट्ट्यात लुगड्याचा पदर किंवा केस अडकणे, दातेरी चाकांत बोटे जाणे आणि प्रेसमध्ये कापूस पिंजणाऱ्या ओपनर यंत्रात हात ओढला जाणे, हे या कामातील नेहमीचे धोके होत. त्यांच्या जोडीला हवेत सतत उडणारी कापसाची धूळ व तंतू आणि एका ठिणगीने पेट घेणारा रुईचा ढीग. सुगीनंतर सुरू होणारा हंगाम उन्हाळ्यापर्यंत चाले. पावसाळ्यापूर्वी माल बाहेर काढण्याची घाई असल्याने शेवटच्या महिन्यांत कामाचा ताण सर्वाधिक असे.

१८८१ चा कायदा : दोनशे रुपये आणि चार महिने

मुंबई सरकारने १८७५ मध्ये कारखान्यांच्या स्थितीची चौकशी करण्यासाठी पहिला आयोग नेमला. सोराबजी शापुरजी बंगाली यांनी १८७८ मध्ये कारखाना कायद्याचा मसुदा पुढे आणला. त्यानंतर १८८१ मध्ये केंद्रीय पातळीवर कायदा संमत झाला. या कायद्यामागे लँकेशायरच्या गिरणीमालकांचा स्वार्थ आहे, हिंदी उद्योगाला जखडून टाकण्याचा हा डाव आहे, अशी टीका देशी वृत्तपत्रांतून मोठ्या प्रमाणावर झाली. या टीकेत तथ्यांश होता. मात्र त्यामुळे कामगाराच्या जीविताचा प्रश्न देशहिताच्या वादात मागे पडला, हेही नाकारता येत नाही.

१८८१ च्या कायद्याने सात वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास मनाई केली. सात ते बारा वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला नऊ तासांची मर्यादा घातली आणि धोकादायक यंत्रांभोवती कुंपण घालणे व अपघातांची वर्दी देणे बंधनकारक केले. या तरतुदी मोडल्यास होणाऱ्या दंडाची कमाल मर्यादा दोनशे रुपये होती. कारावासाची तरतूद नव्हती. स्वतंत्र निरीक्षक नेमलेला नसेल तेथे जिल्हा दंडाधिकाऱ्यानेच निरीक्षकाचे काम पाहावयाचे होते. महसूल, कायदा-सुव्यवस्था व दुष्काळ यांच्या व्यापात असलेल्या अधिकाऱ्याकडून जिनमधील पट्ट्यांच्या कुंपणाची तपासणी कितपत होऊ शकत असेल, याची कल्पना करणे कठीण नाही.

दंडाच्या रकमेपेक्षाही कायद्यातील कारखान्याची व्याख्या अधिक निर्णायक ठरली. शंभर किंवा अधिक कामगार असलेल्या आणि वर्षातून किमान चार महिने चालणाऱ्या कारखान्यांनाच हा कायदा लागू होता. लहान व अल्पकाळ चालणारे जिन या दोन अटींमुळे आपोआप बाहेर राहिले. जेथे कायदाच लागू नाही तेथे त्याचे उल्लंघन होऊ शकत नाही. आणि उल्लंघन नाही म्हणून शिक्षाही नाही. खानदेशातील जिनिंग कामगाराच्या दृष्टीने कायद्यातील पहिली उणीव दंड अल्प असण्याची नसून दंडाचे कलम त्याच्यापर्यंत पोचतच नसण्याची होती.

खानदेशची साक्ष आणि लोखंडे यांची मागणी

१८८१ च्या कायद्याचा फेरविचार करण्यासाठी मुंबई सरकारने १८८४ मध्ये दुसरा आयोग नेमला. या आयोगापुढे खानदेशातील जिनिंग कारखान्याच्या एका व्यवस्थापकाने दिलेली साक्ष भारतीय कामगार इतिहासाच्या ग्रंथांतून वारंवार उद्धृत झाली आहे. तिचा आशय असा : नेहमीचे काम पहाटे चार-पाचला सुरू होऊन रात्री सात ते नऊपर्यंत चाले. मार्च-एप्रिलच्या ऐन हंगामात जिन व प्रेस काही वेळा रात्रंदिवस चालत. त्याच कामगारांना संध्याकाळी अर्ध्या तासाची विश्रांती देऊन सलग सुमारे आठ दिवस राबविले जाई. ते पुढे काम करण्यास असमर्थ झाले की मुंबईहून दुसरे मजूर आणले जात. अशा रीतीने राबणाऱ्यांपैकी अनेक जण मरण पावत, हेही या साक्षीत नमूद आहे.

ही साक्ष देणारा कामगारांचा कैवारी नव्हता. तो कारखान्याचाच व्यवस्थापक होता. कायद्याच्या धाकाने काही लपवावे असे त्याला वाटले नाही, कारण त्याने सांगितलेल्या गोष्टींपैकी बहुतेक गोष्टी त्या वेळी गुन्हा नव्हत्याच. प्रौढ स्त्रिया व पुरुष यांच्या कामाच्या तासांवर १८८१ च्या कायद्याने कोणतीही मर्यादा घातलेली नव्हती.

याच सुमारास, सप्टेंबर १८८४ मध्ये, नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा झाल्या व सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन आयोगाला सादर करण्यात आले. आठवड्यातून एक सुटी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, कामाच्या वेळेला मर्यादा व वेतन वेळेवर मिळणे या मागण्यांबरोबर निवेदनात आणखी एक मागणी होती : काम करताना जखमी झालेल्या कामगारास बरा होईपर्यंत पूर्ण वेतन मिळावे आणि तो जन्माचा अपंग झाल्यास त्याच्या निर्वाहाची तरतूद व्हावी. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने ही मागणी विशेष महत्त्वाची आहे. मालकाला किती दंड व्हावा, याची चर्चा सरकार व कायदेपंडित करीत होते. कामगारांनी मात्र दंडाची रक्कम विचारली नाही. जखमी माणसाच्या घरी चूल कशी पेटणार, हे विचारले. दंड व भरपाई हे दोन वेगळे प्रश्न आहेत, याची जाण १८८४ मध्येच कामगार चळवळीला होती.

१८९१ ते १९३४ : व्याप्ती वाढली, दंड मागे राहिला

१८९१ च्या सुधारणेने कायद्याची व्याप्ती पन्नास कामगारांच्या कारखान्यांपर्यंत आली. स्थानिक सरकारला ती वीस कामगारांपर्यंत खाली आणण्याचा अधिकार मिळाला. स्त्रियांसाठी अकरा तासांची मर्यादा, साप्ताहिक सुटी आणि मुलांचे किमान वय नऊ वर्षे या महत्त्वाच्या सुधारणा याच वेळी झाल्या. असे असूनही १९०८ च्या कारखाना कामगार आयोगाला हंगामी जिनिंग कारखान्यांत सतरा-अठरा तास काम चालत असल्याचे आढळून आले. कायदा होऊन सत्तावीस वर्षे लोटल्यानंतरची ही स्थिती होती.

१९११ च्या कायद्याने वर्षातून चार महिन्यांपेक्षा कमी काळ चालणारे हंगामी कारखानेही आपल्या कक्षेत घेतले. खानदेशच्या दृष्टीने हा खरा प्रारंभबिंदू मानावा लागेल. परंतु याच कायद्याने स्त्रियांच्या रात्रपाळीला घातलेल्या बंदीतून जिनिंग-प्रेसिंग कारखान्यांना सूट दिली. म्हणजे ज्या कारखान्यांत स्त्रियांचे रात्रीचे काम सर्वाधिक होते, त्यांनाच ही बंदी लागू झाली नाही. दंडाची कमाल मर्यादाही दोनशे रुपयेच राहिली.

१९२२ मध्ये वीस कामगारांचे कारखाने कायद्याखाली आले, आठवड्याला साठ तासांची मर्यादा ठरली आणि दंडाची मर्यादा प्रथमच वाढून पाचशे रुपये झाली. दोनशेचे पाचशे होण्यास एक्केचाळीस वर्षे लागली. १९२३ मध्ये कामगार नुकसानभरपाई अधिनियम संमत होऊन १ जुलै १९२४ पासून अंमलात आला. लोखंडे यांच्या निवेदनातील मागणीला कायद्याचे रूप मिळण्यास अशी चाळीस वर्षे जावी लागली. याच दशकात, १९२५ मध्ये, सरकारने कापूस जिनिंग व प्रेसिंग कारखाने अधिनियम केला. गाठींवर खुणा करणे व नोंदवह्या ठेवणे यांसारख्या तरतुदींद्वारे कापसातील भेसळ रोखणे हा त्याचा मुख्य हेतू होता. दूरच्या बाजारात पोचलेल्या गाठीवरून ती कोणत्या प्रेसमध्ये बांधली गेली, हे कळण्याची सोय या कायद्याने केली. ती गाठ बांधताना हात गमावलेल्या मजुराचा असा माग ठेवणारी व्यवस्था मात्र तितकी पक्की नव्हती.

शाही कामगार आयोगाने (१९२९–३१) आपल्या अहवालात दंडाच्या अपुरेपणावर स्पष्ट टीका केली. अनेक प्रकरणांत, विशेषतः वारंवार केलेल्या गुन्ह्यांत, न्यायालये अत्यल्प दंड करतात आणि गुन्ह्यापासून मालकास मिळालेला फायदा दंडापेक्षा अधिक असतो, असे आयोगाचे निरीक्षण होते. याचा अर्थ दंड हा शिक्षा न राहता व्यवसायातील एक किरकोळ खर्च बनला होता. ऐन हंगामात यंत्र थांबवून कुंपण बसविण्यात जाणारा वेळ एका बाजूला व क्वचित होणारा दंड दुसऱ्या बाजूला, असा हिशेब केल्यास कारखानदाराचा कल कोणत्या बाजूला राहील, हे सांगावयास नको.

आयोगाच्या शिफारशींनंतर आलेल्या १९३४ च्या कायद्याने पुन्हा पुन्हा गुन्हा करणाऱ्यासाठी किमान दंडाची संकल्पना आणली. मात्र त्याच कायद्याने बारमाही व हंगामी असे कारखान्यांचे दोन वर्ग केले. बारमाही कारखान्यांत दिवसाला दहा व आठवड्याला चोपन्न तास, तर हंगामी कारखान्यांत अकरा व साठ तास ही मर्यादा ठरली. जिनिंग-प्रेसिंगचा समावेश अर्थातच दुसऱ्या वर्गात झाला. हंगाम हा निसर्गाचा नियम असला तरी हंगामी कामगाराला कमी संरक्षण पुरेसे आहे, हा निर्णय माणसांचा होता.

१९४८ चा कायदा आणि फिर्यादीचा अधिकार

स्वातंत्र्यानंतरच्या कारखाने अधिनियम, १९४८ ने हंगामी व बारमाही हा भेद काढून टाकला. विजेवर चालणाऱ्या कारखान्यासाठी दहा व विजेविना चालणाऱ्यासाठी वीस कामगार ही मर्यादा ठरली. कलम २१ मध्ये यंत्रांच्या कुंपणाविषयी तपशीलवार तरतुदी आल्या. कलम २७ ने प्रेसमधील ओपनर यंत्र चालू असलेल्या भागात स्त्रिया व मुले यांना कामावर ठेवण्यास मनाई केली. यंत्राची कापूस घालण्याची बाजू छतापर्यंत किंवा निरीक्षकाने लेखी ठरवून दिलेल्या उंचीच्या भिंतीने वेगळी केली असेल, तरच त्या बाजूस त्यांना काम करता येणार होते. चोपड्यासारख्या गावातील प्रेसमध्ये पाऊल टाकणाऱ्या निरीक्षकाने प्रथम पाहावी अशी ही भिंत होती.

शिक्षेच्या कलमात (कलम ९२) तीन महिन्यांपर्यंतचा कारावास प्रथमच आला. दंडाची कमाल मर्यादा मात्र १९२२ प्रमाणे पाचशे रुपयेच राहिली. ती १९७६ मध्ये दोन हजार झाली. याच दुरुस्तीने मृत्यूस कारणीभूत ठरलेल्या उल्लंघनासाठी किमान एक हजार व गंभीर इजेसाठी किमान पाचशे रुपये दंड ठरविला. म्हणजे १८८१ ते १९७६ या पंचाण्णव वर्षांत दंडाची मर्यादा दोनदाच वाढली. या काळात दोन महायुद्धे, महागाईच्या लाटा व रुपयाच्या किमतीतील घसरण लक्षात घेता वास्तविक अर्थाने दंड वाढला नसून घटला, असाच निष्कर्ष निघतो.

कायद्याच्या परिणामकारकतेला आणखी दोन कलमांनी मर्यादा घातल्या. कलम १०५ नुसार निरीक्षकाने किंवा त्याच्या लेखी पूर्वसंमतीने केलेल्या फिर्यादीवरूनच न्यायालय गुन्ह्याची दखल घेऊ शकत होते. कलम १०६ नुसार गुन्हा निरीक्षकाला कळल्यापासून तीन महिन्यांत फिर्याद दाखल होणे आवश्यक होते. परिणामी जखमी कामगार, त्याचे कुटुंब किंवा संघटना यांना थेट न्यायालयात जाता येत नव्हते. हंगाम संपला की मजूर गावोगाव पांगत आणि अपघाताचे साक्षीदारही त्यांच्याबरोबर जात. बारमाही गिरणीत तीन महिन्यांनंतरही साक्षीदार त्याच खात्यात सापडतो. जिनच्या बाबतीत तो शेतात, सातपुड्यातील पाड्यावर किंवा दुसऱ्या तालुक्यात असतो. दोन्ही ठिकाणी कायदा एकच असला तरी कामाच्या स्वरूपामुळे पुरावा उभा करण्याची शक्यता सारखी नव्हती.

उल्लंघनाची जबाबदारी कोणाची, हाही वादाचा विषय होता. कलम १०१ नुसार आपण पुरेशी दक्षता घेतली होती व खरा गुन्हेगार दुसराच आहे, असे सिद्ध केल्यास भोगवटादाराला सुटता येत होते. मुकादमामार्फत मजूर लावण्याची पद्धत असलेल्या उद्योगात या तरतुदीचे महत्त्व उघड आहे. गुजरातमधील एका कारखान्याच्या व्यवस्थापकाविरुद्धच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६० च्या दशकात या संदर्भात महत्त्वाचे तत्त्व मांडले. यंत्राला संरक्षक आवरण पुरविले होते, एवढे सांगणे पुरेसे नाही. यंत्र चालू असताना ते जागेवर राहील हे पाहण्याचे कर्तव्य कायद्याने घातले आहे, असा या निर्णयाचा आशय होता. सफाईसाठी काढून ठेवलेले व हंगामाच्या घाईत परत न बसविलेले आवरण हा यंत्रचालित कारखान्यांतील सार्वत्रिक अनुभव असल्याने हा निर्णय जिनिंग उद्योगालाही तितकाच लागू पडतो.

भोपाळनंतरची दुरुस्ती

२ व ३ डिसेंबर १९८४ च्या मध्यरात्री भोपाळमध्ये वायुगळती होऊन हजारो माणसे मृत्युमुखी पडली. त्या रात्री कारखाने अधिनियमाच्या सर्वसाधारण कलमानुसार होऊ शकणारी कमाल शिक्षा तीन महिने कारावास व दोन हजार रुपये दंड एवढीच होती. या विसंगतीची तीव्र जाणीव होऊन १९८७ मध्ये कायद्यात व्यापक दुरुस्ती झाली. कलम ९२ खालील शिक्षा दोन वर्षे कारावास व एक लाख रुपयांपर्यंत दंड इतकी वाढली. मृत्यू झाल्यास किमान पंचवीस हजार व गंभीर इजा झाल्यास किमान पाच हजार रुपये दंड ठरला. धोकादायक प्रक्रियांसंबंधीच्या नव्या कलम ९६-अ नुसार सात वर्षांपर्यंत कारावास व दोन लाखांपर्यंत दंडाची तरतूद झाली. कंपनीच्या बाबतीत भोगवटादार म्हणून संचालकालाच जबाबदार धरण्याचे तत्त्वही याच दुरुस्तीने आले. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये ते उचलून धरले.

पंचाण्णव वर्षांत दहापट झालेली मर्यादा अकरा वर्षांत पन्नासपट झाली, ती एका महाभयंकर दुर्घटनेमुळे. कापसाच्या धुळीने होणारा बिसिनोसिस हा फुप्फुसांचा आजार कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत समाविष्ट होता व त्याची वर्दी देणे डॉक्टरांवर बंधनकारक होते. तथापि वर्षानुवर्षे हळूहळू श्वास कोंडणाऱ्या या आजाराने अशी विधिमंडळीय घाई कधी निर्माण केली नाही. एका रात्रीत होणारे मृत्यू कायदा बदलतात. हंगामागून हंगाम होणारे मृत्यू आकडेवारीतही येत नाहीत.

खानदेशही मोठ्या दुर्घटनांपासून मुक्त राहिलेला नाही. चोपड्याला लागून असलेल्या शिरपूर तालुक्यातील वाघाडी येथे ३१ ऑगस्ट २०१९ रोजी एका रासायनिक कारखान्यात झालेल्या स्फोटात दहाहून अधिक व्यक्तींचा बळी गेला. कापसाच्या प्रदेशात रासायनिक उद्योग आल्यावर सुरक्षेचा प्रश्न जिनच्या पट्ट्यापुरता उरलेला नाही, याची ही घटना साक्ष देते.

दंड कोणाच्या पदरात?

दंडाची रक्कम मूलतः सरकारी तिजोरीत जमा होते. दंडातून पीडिताला भरपाई देण्याचा अधिकार १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३५७ ने न्यायालयाला दिला होता; परंतु तो न्यायालयाच्या विवेकावर अवलंबून होता. जखमी कामगाराचा मुख्य आधार राहिला तो १९२३ चा नुकसानभरपाई अधिनियमच. १९४८ च्या कामगार राज्य विमा अधिनियमाने यापेक्षा व्यापक संरक्षण निर्माण केले. उपचार, आजारपणातील रोख लाभ, अपंगत्वाचा व आश्रितांचा लाभ हे सर्व मालकाशी भांडण न करता मिळण्याची ती सोय होती. परंतु हा अधिनियम हंगामी कारखान्यांना लागू नव्हता आणि त्यातील हंगामी कारखान्याच्या व्याख्येत कापूस जिनिंग व प्रेसिंग यांचा नावाने उल्लेख होता.

येथे एक लक्षणीय विसंगती दिसून येते. १९४८ या एकाच वर्षी झालेल्या दोन कायद्यांपैकी कारखाने अधिनियमाने हंगामी हा वर्ग रद्द केला, तर विमा अधिनियमाने तो कायम ठेवला. मालकाला शिक्षा करण्यापुरता जिन हा इतर कारखान्यांसारखाच कारखाना ठरला. कामगाराला आधार देण्याची वेळ आली तेव्हा तो हंगामी ठरला. नुकसानभरपाईसाठी दावा करावा लागतो, मालक-कामगार संबंध सिद्ध करावा लागतो, आणि मुकादमाच्या वहीतच नाव असलेल्या मजुराला तेच कठीण जाते.

नवी संहिता : जुने प्रश्न

व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता २०२० मध्ये संमत झाली व २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आली. कारखाने अधिनियम, १९४८ ची जागा आता तिने घेतली आहे. सर्वसाधारण उल्लंघनासाठी दोन ते तीन लाख रुपयांची शास्ती तीत आहे. कर्तव्यपालनातील कसुरीमुळे मृत्यू ओढवल्यास दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा किमान पाच लाख रुपये दंड किंवा दोन्ही, तर गंभीर इजा झाल्यास एक वर्षापर्यंत कारावास किंवा दोन ते चार लाख रुपये दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. या दंडापैकी किमान निम्मी रक्कम पीडिताला किंवा त्याच्या वारसांना देण्याचा आदेश न्यायालय देऊ शकते. दंड व भरपाई यांना जोडणारी ही तरतूद स्वागतार्ह असून लोखंडे यांच्या मागणीशी तिचे नाते सहज दिसते.

तथापि याच संहितेने कारखान्याच्या व्याख्येतील कामगारसंख्या विजेवर चालणाऱ्या कारखान्यासाठी दहावरून वीस व विजेविना चालणाऱ्यासाठी वीसवरून चाळीस केली. केवळ दंडाची शिक्षा असलेल्या गुन्ह्यांत कमाल दंडाच्या निम्मी रक्कम भरून प्रकरण मिटविण्याची सोयही तीत आहे. सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्येही राज्य विम्याच्या प्रकरणातून हंगामी कारखाने वगळलेलेच आहेत. म्हणजे दंडाची रक्कम वाढत असताना कारखाना या व्याख्येचा उंबरठाही उंचावला आहे आणि हंगामाची सबब अद्याप संपलेली नाही.

निष्कर्ष

१) १८८१ पासून १९७६ पर्यंत दंडाची मर्यादा जवळजवळ स्थिर राहिली. तीत मोठी वाढ झाली ती कामगारांच्या दैनंदिन अपघातांमुळे नव्हे, तर भोपाळसारख्या असाधारण दुर्घटनेमुळे.

२) खानदेशातील जिनिंग-प्रेसिंग कामगारांच्या दृष्टीने दंडाच्या रकमेपेक्षा कायद्याची व्याप्ती अधिक निर्णायक ठरली. १८८१ मधील चार महिन्यांची अट, १९११ मधील रात्रपाळीची सूट, १९३४ मधील हंगामी वर्ग आणि १९४८ च्या विमा अधिनियमातील अपवाद ही एकाच विचाराची निरनिराळी रूपे आहेत. काम अल्पकाळाचे म्हणून धोकाही अल्प, हे त्यामागील गृहीतक १८८४ च्या आयोगापुढील साक्षीनेच खोटे ठरविले होते.

३) फिर्यादीचा अधिकार निरीक्षकापुरता मर्यादित राहिल्याने आणि हंगाम संपताच साक्षीदार पांगत असल्याने लहान गावांतील कारखान्यांबाबत शिक्षेची शक्यता कमीच राहिली. शिक्षेची कठोरता वाढविताना तिची निश्चितता वाढविली नाही, तर कायद्याचा धाक कागदावरच राहतो.

४) दंड व भरपाई यांची सांगड घालण्याची २०२० च्या संहितेतील तरतूद महत्त्वाची आहे, मात्र तिचे यश हंगामी व लहान कारखान्यांतील कामगारांपर्यंत ती कितपत पोचते यावरच अवलंबून राहील.

तालुका पातळीवरील न्यायालयीन नोंदी, कारखाना निरीक्षकांचे वार्षिक अहवाल व जुन्या जिनमधील हजेरीपट यांचा पद्धतशीर अभ्यास होणे आवश्यक आहे. चोपडा, धरणगाव, अमळनेर येथील जुने जिन बंद पडत असताना त्यांच्या वह्याही नष्ट होत आहेत. मालाच्या गाठींचा इतिहास त्यांच्यावरील खुणांमुळे शाबूत राहिला. त्या गाठी बांधणाऱ्या हातांचा इतिहास लिहिण्याची जबाबदारी प्रादेशिक इतिहासाच्या अभ्यासकांवर आहे.